शेऱ्याचा रकाना

कंपनीची पाटी लावायची होती तर भिंतीत खिळा धरेना.
विद्यापीठाची जुनी इमारत, जांभ्याची,
बाहेरून कडक, आत भुसभुशीत.
शेवटी सोयरूनं ती ग्रिललाच दोरीनं बांधली.
वारा आला की वाजते.
ताळगावच्या पठारावर वारा येतोच.

आमचं औषध दिवाडीच्या चिखलातलं.
मानशीच्या फळ्यांमागे, जिथं खारं आणि गोडं पाणी
रात्रंदिवस एकमेकांना ढकलत असतं,
तिथली एक बुरशी.
हेमांगी मॅडमनी अकरा वर्षांपूर्वी
दह्याच्या डब्यातून आणली, फेरीबोटीत मांडीवर ठेवून.
मानस सांभाळणारा कायतान तेव्हा म्हणाला होता,
हवा तेवढा न्या, हा रोज नवा येतो.

आता करार झालाय. सत्तावीस पानं.
विद्यापीठाचा वाटा, मॅडमचा वाटा, बंगळूरच्या पैसेवाल्यांचा वाटा.
मलाही थोडे शेअर,
जे मी आईला समजावून सांगू शकले नाही.
म्हणजे बोनस? नाही गं. मग?
कायतानला बातमी द्यायला गेलो
तर भरतीकडे बघत त्यानं विचारलं,
आनी चिखलाक कितें?
मॅडम हसल्या.
परतताना फेरीत बोलल्या नाहीत.

माझं काम पेशींना खायला घालणं.
दर दोन दिवसांनी गुलाबी पाणी बदलायचं,
चवथीला, नाताळात, घरात कुणी गेलं तरी.
कुठल्याशा बाईच्या गाठीतल्या या पेशी.
बाई जाऊन कैक वर्षं झाली, या राहिल्या,
हावरट, लेकुरवाळ्या.
वाढवायच्या त्या मारायला.
पहिल्या महिन्यात रडू यायचं.
आता रेडिओ लावते.

शेहेचाळीस रेणू फुकट गेले.
सत्तेचाळिसाव्यानं एका रविवारी
प्लेटभर पेशी निजवल्या
आणि शेजारच्या निरोगी पेशींना हात लावला नाही.
मी सूक्ष्मदर्शकावरून उठले. परत बसले.
मॅडमना फोन केला तर त्या बाजारात
तिसऱ्यांच्या वाट्यावरून घासाघीस करत होत्या.
पुन्हा करून बघ, म्हणाल्या,
आणि कुणाला सांगू नकोस.
पण वाटा मात्र कोळणीनं सांगितलेल्या भावानं घेतला,
हे मला नंतर कळलं.

सोमवारी एक बाई आली.
दोडामार्गाहून पहिली बस धरून बांबोळीला,
आणि तिथून इथं, चुकून की मुद्दाम कोण जाणे.
प्लास्टिकच्या पिशवीत फाईल.
पाटी वाचली, म्हणाली. इथंच करतात ना औषध?
करतो, म्हटलं. म्हणजे, करतोय.
उणे ऐंशीच्या कपाटात होतं पाच मिलिग्रॅम,
डोळ्यात गेलं तरी खुपणार नाही एवढं.
मग उंदीर, मग कागद, मग दिल्ली, मग मोजकी माणसं,
मग पुन्हा कागद.
मी बोटांवर वर्षं मोजली.
तीही माझ्या बोटांकडे बघत मोजत होती.
बोटं संपली.

मग नाव तरी लिहून ठेवा, म्हणाली.
मला मिळायचं नाही, ते कळलं.
पण कुणीतरी विचारायला आलं होतं, एवढं असूदे.

वहीत शेऱ्याचा रकाना रिकामा होता.
लिहिलं: शेवंती गावस, दोडामार्ग, नऊ चाळीस.
तिनं वाकून अक्षर तपासलं
आणि कोकण रेल्वेचं स्टेशन विचारावं तसं विचारलं,
इथून मुतारी कुठं?

मार्चात पैसेवाल्यांचा माणूस वह्या तपासायला आला.
नावाभोवती पेन्सिलीचा गोल केला.
हे काय? रेणूशी याचा संबंध?
मी मॅडमकडे बघितलं.
मॅडमनी वही ओढून घेतली,
नावाखाली सही केली, तारीख घातली,
आणि साक्षीदाराच्या जागी बोट ठेवून
वही माझ्याकडे सरकवली.

मी सही केली.
मग हात धुऊन पेशींकडे गेले.
दोन दिवस झाले होते.